काल्मुर्झाच्या श्वासाची पहारेकरीण

मागील हिवाळ्यात, किरगिझस्तानातील नारिन नदीच्या खोऱ्यात, काल्मुर्झा नावाच्या घोडेपाळाच्या उजव्या फुफ्फुसात पुढील प्रकार घडला. मी त्याच फुफ्फुसातील एक जुनी भक्षक पेशी आहे. मित्रांनो, श्वासाबरोबर आत शिरणारे परके कण गिळून पचवणे हे माझे काम. चुलीची राख, लोकरीची धूळ, बुरशीचे बीजाणू, सारे मी मुकाट्याने गिळले. मालकाला माझे नावही ठाऊक नव्हते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

त्या वर्षी बर्फ लवकर पडले, गवत ओलेच रचले गेले आणि बुरसले. ती धूळ घोड्यांच्या नाकात जाऊ नये म्हणून काल्मुर्झा त्यांना बाहेर बांधी आणि तबेल्याचे दार लावून पेंढ्या स्वतः झटकी. घोड्याचा श्वास जपावा, माणसाचा आपोआप चालतो, हे आमच्या खोऱ्याचे शहाणपण!

तरीही आम्ही हरलो नाही. बीजाणू अंकुरण्यापूर्वीच मी त्यांना गिळत असे. एखाद्याने धागा काढलाच, तर रक्तातील पांढऱ्या पेशींना हाक घाली. गिळता न येणाऱ्या लांब धाग्यांवर त्या स्वतःच्या देहातील तंतूंचे जाळे फेकत आणि तेथेच मरत. त्यांच्यासाठी कोणी रडले नाही.

मग मालकाचे गुडघे सुजले. शेजारची निवृत्त परिचारिका ऐनाश पुडी घेऊन आली.

"स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत, दादा. परवा उडी मारून खोगिरावर बसाल."

"डॉक्टरला विचारलंस का?" त्याची बायको जुमाकान म्हणाली.

"डॉक्टर म्हणेल, आराम करा," काल्मुर्झा हसला. "तेच घोड्यांना कोण सांगणार?"

वसंतात घोडे घेऊन उंच कुरणावर जाणे, एवढाच त्याचा ध्यास. गुडघ्यांचे दुखणे थांबले, गोळ्या थांबल्या नाहीत. त्यांनी सूज उतरवली हे खरे. परंतु त्याच गोळ्यांनी आमचे हातही बांधले. मी बीजाणू गिळी, पण त्यांना मारू शकत नसे. हाक घालावी, तर आवाज फुटेना. अखेर ते माझ्याच पोटात अंकुरले आणि फुफ्फुसात धागे पसरले.

खोकल्यातून रक्त पडले, तेव्हा जुमाकान कडाडली, "घोडा खोकला असता तर खोगीर घालायच्या आधी वैद्य आणला असतात. स्वतःचा खोकला मात्र चहाखाली दडपता."

जिल्ह्याच्या इस्पितळात ऐनाश म्हणाली, "दादांची प्रतिकारशक्तीच मुळात कमी."

मित्रांनो, पहारेकऱ्याला दोरखंडाने बांधायचे आणि चोरी झाल्यावर तो झोपला होता म्हणायचे, हा कोणता न्याय?

"कमी नव्हती, तुम्ही ती दाबलीत," डॉक्टर नुरीला शांतपणे म्हणाली. तिने बुरशीवरचे औषध सुरू केले आणि स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या. माझ्या भक्षक मैत्रिणींना पुन्हा आवाज फुटला; पांढऱ्या पेशी धावून आल्या. धागे विरले, पण त्यांनी खाल्लेली जागा भरली नाही.

मित्रांनो, गवत वाळवूनच रचा. झटकणे भागच असेल, तर मोकळ्या वाऱ्यात, नाकाला फडके बांधून झटका. शेजाऱ्याच्या मायेने आलेली गोळीही डॉक्टरला विचारूनच घ्या. आम्ही मरायला तयार आहोत. निदान लढू तरी द्या.

बर्फ वितळू लागले, तेव्हा काल्मुर्झाने विचारले, "मग वर कधी जाऊ, पोरी?"

नुरीलाने त्याच्या छातीवर टेकवलेला स्टेथोस्कोप काढला. "जगाल, बाबा. पण घोडे आता दुसरं कोणीतरी वर नेईल."