थांबलेली भाकर

पाथरीहून सोनपेठला जाणारी एस.टी. मधल्या फाट्यावर थांबली की गावाच्या अलीकडं पत्र्याची एक खोली दिसे. वर लाकडी क्रूस नसता तर कुणीही तिला कडब्याची खोली समजलं असतं. अकरा घरांची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी तिथं जमायची आणि तिला देऊळ म्हणायची. शेजारच्या गावची मंडळी यांना ‘उपाशी मंडळी’ म्हणून चिडवायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. परभणीचे पाळकसाहेब तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन द्यायला येत. मेजावर भाकर आणि मनुकांचा रस मांडला जाई, गीत होई, प्रार्थना होई, आणि भाकर आली तशी फडक्यात बांधून घरी परत जाई. अडीच वर्षांत एकाच्याही तोंडात तुकडा गेला नव्हता.

असं का, हे तानुबाईला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

भाकर कुसुमबाईनं थापायची आणि मनुका तानुबाईनं भिजवायच्या, ही मंडळीची जुनी वाटणी. दोघींच्या अंगणांमध्ये एकच बुटकी भिंत. दोघी एकाच वर्षी सुना होऊन आल्या. देवळात एका सतरंजीवर बसायच्या, गीतांचं एकच पुस्तक दोघींच्या मांड्यांवर. कुसुमला वाचता येत नव्हतं. तानुबाई ओळीखालून बोट फिरवायची आणि कुसुम त्या बोटाकडं बघत असं गायची, की बघणाऱ्याला वाटावं, बाई मॅट्रिक झालेली आहे. कधी हसू फुटलं तर दोघींना आवरायचं नाही. मग मंडळीतले सगळ्यांत थोरले लिंबाजीबाबा डोळे वटारायचे, आणि त्यांचे वटारलेले डोळे बघून आणखीच हसू यायचं.

मग अठ्ठ्याहत्तरचा पावसाळा आला. नामांतराची दंगल पेटली. ख्रिस्ती झाले तरी गावाच्या लेखी हे दलितच, म्हणून भरदुपारी यांच्याही वस्तीवर जमाव चालून आला. तानुबाईनं दोन पोरींना आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूला आत ठेवून दाराला अडसर लावला. तेवढ्यात थापा पडल्या.

“तानू, दार उघड. लेकरू हाय माझ्याजवळ.”

अडसर काढायला किती वेळ लागणार होता? तानुबाईनं तो काढला नाही. दोन्ही हातांनी दाबून धरला. थापा थांबल्या. कुसुम पोरीला काखेत मारून ज्वारीच्या रानात पळाली. तिसऱ्या दिवशी परतली, तेव्हा तिचं छप्पर जळून गेलं होतं. तानुबाईचे पत्रे मात्र शाबूत होते.

मंडळीनं आठ दिवसांत नवं छप्पर घातलं. कुणी लाकूड दिलं, कुणी पाचट. तानुबाईनं भिंतींसाठी चिखल वाहिला. कुसुमनं दाराचा विषय कधी काढला नाही. मीठ-मिरची मागायची, पण अंगणातल्या भिंतीवरून. घरात पाऊल टाकायची नाही. तानुबाईनं अडसर चुलीत घातला आणि दार सताड उघडं ठेवू लागली. कोंबड्या शिरल्या, गावची कुत्री शिरली, कुसुम शिरली नाही. ती एकदा उंबरा ओलांडून यावी म्हणून तानुबाईचा जीव तुटायचा. सणाला जास्तीची पोळी करून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी शिळी खायची.

मनात राग किंवा पाप ठेवून प्रभुभोजनाची भाकर खायची नाही, असा मंडळीचा दंडक. दंगलीनंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला कुसुमनं काही न घेता ताट शेजारी सरकवलं. शेजारी तानुबाई. तिनं तुकडा घेतला, पण तो गळ्याखाली उतरेना. तीन महिन्यांनी पुन्हा तेच झालं, तेव्हा लिंबाजीबाबा उठले.

“ताट ठिवा, सायब. आमी थांबतो.”

पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं. बाबा म्हणाले, “घरातलं एक माणूस उपाशी असल्यावर बाकीच्यांला घास गोड लागतोय का?”

तेव्हापासून सगळेच थांबले. कुसुमला कुणी खोदून विचारलं नाही, पाठीमागं कुजबुज केली नाही. पाळकसाहेब तर परभणीत या मंडळीचं भारी कौतुक सांगत. तानुबाईला मात्र परत जाणारी प्रत्येक भाकर आपल्याच तोंडाकडं बघून जाते असं वाटायचं.

एक्याऐंशी साली बाबांनी अंथरूण धरलं. तानुबाई पेज घेऊन गेली तेव्हा त्यांनी विचारलं, “सायब कधी यायलेत गं?”

“रविवारी, बाबा.”

“पुढल्या बारीला मी न्हाई गावायचो.”  त्यांना काय हवं होतं, ते तानुबाईला कळलं. तीन दिवस तिला अन्न गेलं नाही.

रविवारी बाबांना बाजेवर घालून देवळात आणलं. भाकर मांडली गेली. पाळकसाहेबांनी तोंड उघडायच्या आत तानुबाई उभी राहिली.

“कुसुमच्या मनात माझ्याबद्दल राग हाय, अन् तो बरोबर हाय. दंगलीच्या दिवशी तिनं दार वाजवलं. मी उघडलं न्हाई. अडसर धरून उभी ऱ्हायले. माझ्यापायी सारी मंडळी उपाशी हाय.”

कुसुम म्हणाली, “तुझ्याबद्दल काई न्हाई गं. तुझ्याजवळबी लेकरं व्हती. पण जाताना मी तुला शाप दिला. तुझ्या दाराला तोरण लागायचं न्हाई म्हणाले. अन् तुझ्या थोरलीची सोयरीक दोनदा मोडली. त्याच तोंडात ही भाकर कशी घालू? अन् तुझ्या घरात कोणत्या तोंडानं येऊ?”

तानुबाईनं तो शाप ऐकलाच नव्हता. पोरींच्या रडण्यात तो दाराबाहेरच राहिला होता. तीन वर्षं ती ज्याला राग समजत आली, ती लाज होती. तिच्यासारखीच.

बाजेवरून बाबांचा आवाज आला. “कुसुम, तानूच्या आधी तू माझं दार वाजवलं व्हतं.”

“ठाव हाय, बाबा.”

“थांबू म्हणालो, ते तुझ्यासाठी न्हाई पोरी. ताट जवळ यायलं, तवा माझाच हात उचलंना. अन् सांगायची हिंमत झाली न्हाई.”

मागून बन्सीधर म्हणाला, “आमचंबी दार बंद व्हतं.” आणखी दोघातिघांनी माना खाली घातल्या. कौतुकाच्या मंडळीचं कौतुक असं एकेक करून खाली उतरलं. पाळकसाहेबांनी लिहून आणलेला उपदेश घडी करून खिशात ठेवला आणि भाकर मोडली.

पहिला तुकडा रसात भिजवून बाबांना दिला. त्यांना गिळायला फार वेळ लागला. तोवर सगळे थांबले. थांबायची सवय होतीच. मग ताट फिरत सतरंजीपाशी आलं. कुसुमनं दोन तुकडे उचलले. एक तानुबाईच्या हातावर ठेवला.

दुपारी तानुबाई चुलीपुढं बसली होती. दार नेहमीसारखं सताड उघडं. तरी चौकटीवर थाप पडली. तिनं वळून बघितलं. कुसुम उभी होती, एक पाय उंबऱ्याच्या आत.

“मीठ दे गं,” ती म्हणाली. “भाजी उतू चाललीय.”

तानुबाई मिठाचं मडकं शोधू लागली. ते समोरच होतं, पण तिला काही केल्या दिसेना.