अर्ध्यावर अडकलेलं छप्पर

मार्लिसने तिसऱ्यांदा गाडी पुढे घेतली आणि परत मागे ढकलायला लागली. मागे जोडलेली घडीची कॅम्पर, म्हणजे चाकांवरची तंबूसारखी खोली, पुन्हा भलतीकडेच वळली आणि तिचं चाक झुडपात घुसलं.

"उजवीकडे! अगं, तुझ्या उजवीकडे!" मागून काठी उगारत तिचा नवरा व्हर्लिन ओरडला.

तळ्याकाठच्या त्या मुक्कामाच्या मैदानात शेजारच्या जागेवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने आपली खुर्ची मुद्दाम इकडे फिरवून घेतली होती. कॉफीचा मग वर करून तो म्हणाला, "बाई, स्टिअरिंग उलटं फिरवा, म्हणजे सुलटं जाईल!"

"आई, तो हसतोय," ब्रिटा सीटवर खाली सरकत म्हणाली. सोळा वर्षांच्या मुलीला लाज वाटायला एवढं पुष्कळ होतं.

"हसू दे. त्याची करमणूक तरी होतेय."

व्हर्लिनने वीस वर्षं लाकडं वाहणारा ट्रक चालवला होता. एका हातात कॉफी धरून तो ही कॅम्पर दोन झाडांच्या मधे अलगद बसवायचा. फेब्रुवारीत त्याला झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय कामातून गेले. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून घरातलं सगळं मार्लिसवर आलं. आठवडाभर ती वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत ओल्या चादरी उपसायची आणि घरी येऊन नवऱ्याच्या शर्टाची बटणं लावायची.

ऑगस्टची रजा तिला पडदे ओढून अंथरुणात घालवायची होती. पण एप्रिलमध्ये एकदा जेवताना व्हर्लिन म्हणाला, "यंदाही तळ्यावर जाऊ." आजारपणानंतर न अडखळता बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं. नाही कसं म्हणणार?

चौथ्या खेपेला कॅम्पर एकदाची जागेवर बसली. जराशी तिरकी, पण बसली. मग चाकांखाली ठोकळे लावणं आलं, पाण्याचे कॅन आणणं आलं. व्हर्लिन काठीवर रेलून सूचना देत होता. "ठोकळा अजून आत. तो नव्हे, दुसरा." मार्लिसने दात आवळून हँडल घातलं आणि ते फिरवत छप्पर वर चढवायला लागली. पत्र्याचं छप्पर करकरत उठलं, दोन्ही बाजूंचं ताडपत्रीचं कापड उलगडायला लागलं, आणि आतून काहीतरी फाडकन तुटल्याचा आवाज आला.

"छपराची केबल गेली!" व्हर्लिन ओरडला.

मागचा कोपरा खाली यायला लागला. मार्लिस हँडल सोडून धावली, पण व्हर्लिन जवळ होता. काठी टाकून त्याने डावा खांदा छपराखाली लावला.

"बाजूला हो! पडशील!" ती किंचाळली.

"ब्रिटा, लाकूड आण! लांबसं!" त्याने बायकोकडे लक्षच दिलं नाही. ब्रिटाने शेकोटीच्या लाकडांच्या ढिगातून एक जाड ओंडका ओढत आणला. तिने तो कोपऱ्याखाली उभा केला, व्हर्लिनने खांदा हळूच काढला. छप्पर तिथेच राहिलं, एका बाजूने वर आणि एका बाजूने बसकं.

"तुला काही अक्कल आहे का?" मार्लिस म्हणाली. "तू पडला असतास तर उचललं असतं कुणी? मीच ना?"

"मी लहान मूल नाहीये, मार्लिस. फेब्रुवारीपासून तू माझं मांस कापून देतेयस. मला... मला विचारतसुद्धा नाहीस."

यावर बोलण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "मी दमलेय रे." आणि ती तिथेच पायरीवर बसली.

व्हर्लिनने डाव्या हाताने काठी उचलली. मग म्हणाला, "मग झोप."

"सामान काढायचंय. जेवण—"

"झोप म्हटलं ना."

वाद घालायचीही ताकद नव्हती. छपराच्या वर राहिलेल्या बाजूने ती वाकून आत शिरली. गादीला वर्षभराचा कुबट वास येत होता. चादर न घालताच ती आडवी झाली. बूट काढायचे राहिले, तेही तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा ताडपत्रीवर बारीक पाऊस वाजत होता आणि दिवस कलला होता. कुणीतरी तिचे बूट काढून अंगावर जाकीट घातलं होतं. बाहेर झाडाला बांधलेल्या प्लास्टिकखाली बापलेक पत्ते खेळत होते. व्हर्लिनने पत्ते एका सपाट लाकडाच्या फटीत खोचून ठेवले होते.

"बाबा, तू माझे पत्ते बघतोयस!"

"मग नीट धर. तुला तर दोन हात आहेत."

फॉइलमध्ये भाजलेले बटाटे बाहेरून कोळसा झाले होते आणि आतून कच्चे होते. सॉसेज तेवढी बरी होती. व्हर्लिनने डाव्या हाताने पुढे केलेली बशी हेलकावे खात तिच्या मांडीवर आली. तिने बटाट्याचा जळका भाग सोलून टाकला आणि उरलेला खाल्ला.

"कसा झालाय?" त्याने विचारलं.

"कच्चा आहे."

"बरं," तो म्हणाला आणि पत्ते पिसायला त्याने ब्रिटाकडे दिले.

आणखी दोन दिवस ते त्या तिरक्या छपराखाली राहिले. मार्लिस बहुतेक वेळ झोपली, उरलेला वेळ तळ्याकडे बघत बसली. ती झोपलेली असताना व्हर्लिन नळावर जाताना पडला. त्या शेजारच्या म्हाताऱ्यानेच त्याला उठवलं. "आईला सांगू नकोस," असं व्हर्लिनने ब्रिटाला बजावलं होतं, पण तिने सांगितलंच. मार्लिस त्याच्या खरचटलेल्या कोपराकडे बघत राहिली आणि फक्त मलमाची ट्यूब त्याच्या डाव्या हातात दिली. त्याला ते लावायला बराच वेळ लागला. ती बघत राहिली, पण उठली नाही.

परतीच्या वाटेवर महामार्ग लागताच तो म्हणाला, "पुढच्या वर्षी केबल बदलायला हवी."

"बघू," मार्लिस म्हणाली. पुढे लाकडं भरलेला ट्रक रेंगाळत चालला होता. ती त्याच्या मागेच राहिली. ओलांडून पुढे जायची तिला घाई नव्हती, आणि व्हर्लिननेही या खेपेला काही सुचवलं नाही.