बोटीचा मागचा पत्रा

विल्सनकाकांनी आयुष्यभर दुधाच्या टाक्या बनवल्या. त्यामुळे त्यांनी बोट बनवली तीही टाकीसारखीच झाली, सगळी स्टीलची. नागापूरच्या शेडमध्ये तिचा मागचा पत्रा त्यांनी इतका पॉलिश केला की त्यात बघून दाढी करता आली असती. इंजिन मात्र विहिरीवरच्या पंपाचं, हवेनं थंड होणारं डिझेल इंजिन. त्याचा धुराचा पाइप नेमका त्याच पत्र्यातून बाहेर काढलेला.

नेवाशाजवळच्या आप्पासाहेबांनी ही बोट धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावरून माणसं पलीकडे नेण्यासाठी घेतली. पण परवानगीआधीच्या तपासणीचे साहेब आले, मागून चक्कर मारली आणि म्हणाले, "इंजिन काजळी ओकतंय. सोमवारी परत येतो. तेव्हाही काळं दिसलं तर विषय संपला."

विषय संपला म्हणजे आप्पासाहेब बोट परत करणार आणि काका ती कापून तिच्या टाक्या करणार. हे सांगताना काकांनी पत्र्यावर हात ठेवला, आजारी गाईवर ठेवतात तसा. हात काळा झाला.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, म्हणून रविवारी काका मला काठावर घेऊन गेले. बोट बाभळीखाली ट्रॉलीवर उभी होती. आप्पासाहेबांच्या आई, बनुबाई, राख आणि चिंच घेऊन आधीच तयार होत्या.

"आजी, चिंच पितळेला," मी म्हणाले. "पितळेवरचा डाग आंबटात विरघळतो. ही काजळी म्हणजे नुसता कार्बन आहे. आंबटाचं तिला काही वाटत नाही. आणि राखेनं ओरखडे पडतील."

"मंग कशाचं वाटतं तिला?"

"कशाचंच नाही. पण तिला जळक्या तेलानं धरून ठेवलंय. तेल सुटलं की ती सुटते."

"एवढं शिकली," बनुबाई आप्पासाहेबांना म्हणाल्या, "आन शेवटी आली भांडीच घासाया."

मी धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून लेप दिला, वर ओलं फडकं चिकटवलं आणि वाट पाहिली. वाट पाहताना करमेना म्हणून इंजिनचं झाकण उघडलं. हवा आत घेणाऱ्या फिल्टरवर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं. एका कोपऱ्यात ते फाटलं होतं आणि इंजिन तेवढ्या फटीतून श्वास घेत होतं. हवा कमी मिळाली की डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी होते.

"काका, हे काढलं नाहीत?"

"नवीन आहे गं. धूळ बसते." काकांच्या गाडीच्या सीटवरही अजून प्लास्टिक आहे.

मी ते काढलं. मग लेप पुसला, मऊ सुती कापडावर पॉलिशचा हिरवा साबण घेऊन पत्रा घासला. संध्याकाळपर्यंत त्यात सगळा फुगवटा दिसू लागला, बगळ्यांसकट.

सोमवारी सकाळी त्यात मुकादमही दिसला.

मुकादम हा गावचा वळू. कुणाचा नाही, म्हणून सगळ्यांचा. काका बोटीत बसून डिझेलची टाकी तपासत होते तेव्हा तो पाणी प्यायला आला आणि त्याच्याएवढाच दुसरा वळू समोर उभा पाहून थबकला. त्याने माती उकरली. समोरच्यानेही उकरली. मग दोघांनी एकदमच धडक दिली.

बोट हलली. काका आत आडवे झाले. मी आणि आप्पासाहेब शेजारी उभ्या ट्रॅक्टरवर चढलो. पत्र्याला परातीसारखा गोल खोलगट पोचा आला होता.

खरी पंचाईत तिथून सुरू झाली. सपाट आरशाचा आता अंतर्गोल आरसा झाला होता. मुकादम मागे सरला तर समोरचा वळू चारी पाय आभाळाकडे करून उलटा. पुढे आला तर एकदम सुलट, आणि हत्तीएवढा. मुकादमाने हे चार-पाच वेळा करून पाहिलं. प्रयोगाची पद्धत चुकीची नव्हती. मग तो तिथेच ठाण मांडून उभा राहिला आणि जवळ येईल त्याच्यावर फुरफुरू लागला.

इतक्यात साहेबांची जीप आली. त्यांनी काच अर्धीच खाली केली.

"साहेब, बघा, पत्रा कसा लखलखीत," आप्पासाहेब ट्रॅक्टरवरून म्हणाले.

"पत्रा कुठंय? मला बैल दिसतोय."

"बैलालाही पत्र्यात बैलच दिसतोय, म्हणून हलत नाही," मी म्हणाले.

साहेबांनी विचार केला. "मग काळा करा तो. मी काय दिवसभर जीपमध्ये बसू? ओ बोटवाले, इंजिन सुरू करा. येऊ द्या धूर."

काकांनी आतूनच इंजिन सुरू केलं. फट फट फट. धूर जवळजवळ दिसेचना.

"अजून रेस करा."

काकांनी रेस केली. मुकादमाचे कान मागे गेले, पण पत्रा तसाच.

"काय इंजिन आहे," साहेब चिडून म्हणाले. "साधी काजळी पडत नाही."

ट्रॅक्टरवर आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

शेवटी बनुबाई चुलीवरचा तवा घेऊन आल्या. रोज भाकरी देणाऱ्या या बाईच्या अंगावर मुकादम येत नसे. त्यांनी तव्याची पाठ पत्र्यावर घासली. काजळी भुरभुरत खाली पडली.

"आजी, तेल लावा आधी," मी ओरडले. "तेलाशिवाय ती बसायची नाही."

"काल तेल काढ म्हनत हुती," बनुबाई म्हणाल्या आणि पदराआडून गोडेतेलाची बाटली काढली. ती त्यांनी आधीच आणली होती.

पत्रा काळा झाला तसा वैरी नाहीसा झाला. मुकादमाने मागे-पुढे होऊन खात्री केली, जिंकल्यासारखी मान हलवली आणि पाण्याकडे गेला. साहेब खाली उतरले.

"इंजिन बरं आहे, ते मी स्वतः बघितलं. परवानगी देतो. पण पत्रा कायम काळा ठेवायचा. परत चकचकीत दिसला तर विषय संपला."

आप्पासाहेब हात जोडून हसले. काका बोटीतून उतरले, मागे आले आणि बराच वेळ काळ्या पत्र्याकडे बघत राहिले.

"हन्ना," ते हळूच म्हणाले, "हे काळंसुद्धा पॉलिश करता येतं का गं?"

"येतं. पण मग मुकादम त्यातही दिसेल."

काकांनी पाण्यावरच्या वळूकडे पाहिलं, मग बोटीकडे.

"थोडासाच दिसू दे," ते म्हणाले.