रेझोल्यूट अजून किती लांब?

मित्रांनो, मी एक जुने, दोन पंख्यांचे लहानसे विमान आहे. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावर लाल पट्टा झळकत होता. पुढचे सगळे आयुष्य मात्र उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात गेले. ग्रीस फियोर्ड ते रेझोल्यूट, या दोन बर्फाळ गावांमधला माझा रस्ता. नकाशावर जेमतेम चारशे किलोमीटर, शांत हवेत दीड तास. टपाल, बटाटे, बंदुका, सासरी निघालेल्या मुली, सगळे मी वाहिले. पूर्वी मला पाहून पोरे धावत यायची. आता मोठी माणसे म्हणतात, "या डब्यातून जायचं?"

एका वसंतात उलायुक तान्ह्या इमूशीला घेऊन चढली. तिच्या अंगरख्याला मागे झोळी होती आणि तिच्यात बाळ आईच्या पाठीला बिलगून होते. दोन दिवस त्याला उलट्या-जुलाब होत होते. सकाळपासून शू झाली नव्हती.

"शू थांबली की धोका," गावातल्या नर्सने निघताना बजावले होते. "रेझोल्यूटला दवाखान्याचं विमान उभं आहे. हे मीठ-साखरेचं पाणी पाजत पाजत न्या."

सोबत सासू होती, आलासी. बाळाला तिच्या वारलेल्या नवऱ्याचे नाव ठेवले होते. तिथल्या लोकांत नावाबरोबर नातेही येते, म्हणून म्हातारी नातवाला 'अहो' म्हणे आणि सून 'मामंजी'.

निघालो आणि समोरून वारा उठला. मी जीव तोडून पंखे फिरवत होतो, पण खालचा बर्फ सरकेचना.

"अजून किती लांब?" उलायुकने विचारले.

"अंतर तेवढंच आहे गं," वैमानिक गॉर्डन म्हणाला. "वेळ वारा ठरवणार. तासभर तरी धर."

"मघाशीही तासभरच म्हणालात!"

आलासी झोळीत वाकून चमच्याने पाणी पाजत होती. "अहो, गिळा. जन्मभर माझं ऐकलं नाहीत, आज तरी ऐका."

मग बाळाचे कण्हणेही थांबले. उलायुकला त्याचे तोंड दिसत नव्हते. "सासूबाई, मामंजी हलत नाहीत!"

म्हातारी बाळाच्या नाकाशी बोट धरून बसली. मित्रांनो, तेव्हा मला माझ्या जुन्या यंत्रांची लाज वाटली.

इतक्यात उलायुक ताठ झाली. काहीतरी कोमट तिच्या पाठीवरून कमरेपर्यंत ओघळले.

"शू! सासूबाई, शू केली! पाठ भिजली माझी!"

"अहो, सुनेच्या अंगावर? काही लाज?" म्हातारी हसता हसता रडू लागली. त्या आवाजाने बाळ जागे झाले आणि त्याने चांगले भोकाड पसरले.

"इतकं खुशीत भिजलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं," गॉर्डन म्हणाला.

वारा काही पडला नाही. दीड तासाच्या रस्त्याला अडीच तास लागले. रेझोल्यूटला दवाखान्याच्या विमानातल्या डॉक्टरांनी बाळाला तपासले आणि म्हणाले, "वेळेत आणलंत. आता भीती नाही."

मित्रांनो, माझे वेळच्या वेळी तेलपाणी करा, पंखांवरचा बर्फ नीट काढा. आणि माझ्या खुर्चीवर डाग दिसला, तर नाक मुरडू नका. ओले फडके घ्या, हलक्या हाताने पुसा. कुणाचे तरी बाळ तिथे वाचलेले असेल.