डब्यातल्या पाच चिंध्या

शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी खुनी सापडला. तो डॉक्टर होता. शिवणकामाच्या खोलीतली पाचही माणसं एकदम ओरडली.

या खोलीत रोज साडेतीनला मशिनं थांबतात. कटिंग मास्तर कातरी ठेवतात, चष्मा पुसतात आणि जुन्या रहस्यकथेचं एक प्रकरण मोठ्याने वाचतात. चहा निवला तरी कुणाची तक्रार नसते. शेवटच्या प्रकरणाआधी प्रत्येकाने अस्तराच्या चिंधीवर खडूने खुन्याचं नाव लिहायचं आणि बटणांच्या डब्यात टाकायचं. ज्याचं बरोबर येईल त्याचं मशीन पुढचं पुस्तक संपेपर्यंत खिडकीपाशी.

काजं करणाऱ्या मावशींना ती खिडकी हवी होती. डोळ्यांना उजेड लागतो, असं त्या म्हणत. पण सात पुस्तकं झाली, सातही वेळा चुकीचा माणूस पकडून बसल्या. या वेळी मात्र मास्तरांनी पुस्तक मिटायच्या आत त्या उभ्या राहिल्या.

"मी डॉक्टरच लिहिलाय! मेलेल्या म्हाताऱ्याच्या कोटाचं बटण कसं लावलं होतं? दर टाक्याला वेगळी गाठ. अहो, असं शिंपी शिवतो का कधी? जखम शिवणाऱ्याचा हात तो!"

"आई, परवापर्यंत तर माळी माळी करत होतात," शेजारच्या मशीनवरून त्यांची सून म्हणाली. "भाजी चिरतानासुद्धा माळी."

"ते तुला चकवायला."

"मला चकवून खिडकी मिळते होय?"

"भांडण कशाला? डबा बोलेल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी झाकण उघडलं.

आत पाच चिंध्या होत्या. एकावर एक, कडेला कड जुळवून, कडक घडी. पाचही कोऱ्या.

सगळ्यांच्या माना इस्त्रीच्या टेबलाकडे वळल्या. डबा दुपारभर तिथेच होता.

"चुरगळल्या होत्या," इस्त्रीवाले दादा हळूच म्हणाले. "मास्तर वाचत होते, गोष्टीत बंद खोलीचं दार फोडत होते. हाताला काही चाळा हवा ना! वाफ कधी मारली, कळलंच नाही."

गिऱ्हाइकाच्या कपड्यावर डाग राहू नये म्हणून इथे वाफेने उडणारा खडू वापरतात. तो चांगला आहे, हे पाच वेळा सिद्ध झालं.

"मेल्या, आयुष्यात एकदा खुनी धरला, आणि तू पुरावा इस्त्री केलास!" मावशी म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांनाच हसू फुटलं, आणि मग कुणालाच आवरेना. मास्तरांचा चष्मा नाकावरून घसरला.

चिंध्या खिडकीशी धरून पाहिल्या. उजेड आरपार आला, अक्षर आलं नाही. दादांनी एकही नाव वाचलं नव्हतं. वाचणं म्हणजे लबाडी, असं त्यांचं म्हणणं. मावशींना खिडकी द्या, असा प्रस्ताव मास्तरांनी मांडला. मावशींनी तो फेटाळला. "दान नको. जिंकून बसेन."

सोमवारी नवं पुस्तक सुरू झालं. बोटीवरचा खून, आठ प्रवासी, हरवलेला एक हातमोजा. मंगळवारी दुसरं प्रकरण संपताच मावशींनी लाल दोऱ्याने, उलट्या टिपेने, चिंधीवर नाव शिवलं, घडी घातली आणि डब्यात टाकली. डबा आता मास्तरांच्या टेबलावर, इस्त्रीपासून चांगला लांब असतो.

"उकळत्या पाण्यात टाकलं तरी जाणार नाही," असं त्यांनी दादांना ऐकवलं.

खिडकीपाशी अजून कुणाचं मशीन नाही. बुधवारी तिसऱ्या प्रकरणात हातमोजा सापडला, तो डाव्या हाताचा निघाला. पाचच मिनिटांनी मावशींनी मास्तरांकडे डबा परत मागितला. सोबत छोटी कातरी, उसवायला.