कप्तानाचा रिलीवर

"रविवारी उजाडलं की तोंड मिटायचं, ते सांजेचा दिवा लावल्यावर उघडायचं. मान हलवायची नाही, हातवारे करायचे नाहीत, भुवईसुद्धा उडवायची नाही. खूण केलीस की बोललीसच. घराला आग लागली तर घंटा वाजव."

हे माझ्या आईचं सांगणं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण रविवारी तोंड धुताना ते कानात वाजतंच. सोमवारी उपास, मंगळवारी दुर्वा, गुरुवारी पोथी, शनिवारी मारुतीला तेल आणि रविवारी मौन. मला ह्याचं कधी ओझं वाटलं नाही. तसंही राही बाकीचे दिवस बोलते ते कुणाला ऐकू जातं, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या.

ही गोष्ट पंचाऐंशी सालातली. आमचे सासरे, आप्पा, मालवाहू बोटींवर सारंग होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. निवृत्त होऊन रत्नागिरीच्या घरी बसले होते. माझे यजमानही बोटीवरच. त्यांनी सिंगापूरहून टीव्ही आणला आणि आमच्या माजघराचा धक्का झाला. कोण चढतंय, कोण उतरतंय, पत्ता लागेना.

रविवारी सकाळी एक इंग्रजी मालिका लागायची. आकाशातून जाणारी मोठी बोट, तिच्यावर एक कप्तान, निळ्या तोंडाचा चीफ ऑफिसर आणि अंगाला चिकटलेल्या कपड्यांतले खलाशी. आळीत तिला सगळे 'वरची बोट' म्हणत. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. आप्पांना बोटीवरचं येत होतं, म्हणून अर्थ सांगायचं काम त्यांच्याकडे. कप्तान ताऱ्यांकडे बघत लांबलचक काहीतरी बोलला की आप्पा म्हणत, "पगार वेळेवर येत नाय, असं सांगतोय." निळ्या तोंडाच्याने हात मागे बांधून उत्तर दिलं की, "हेड ऑफिसला कळवलंय म्हणतो."

"पण पाणी कुठं हाय, आप्पा?" शेजारच्या यमुनाबाईंनी एकदा विचारलं.

"बोट ड्राय डॉकला आहे. दुरुस्तीला पाण्याबाहेर काढलीय."

"मग चालते कशी?"

"तुम्ही बघायला आलात की तपासणीला?"

त्या साली गणपतीपासून आप्पांना हर्नियाचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. आप्पांनी जन्मात पंचांग उघडलं नव्हतं. अमावास्येलाच बोट धक्क्यातून काढली मी, असं छाती ठोकून सांगायचे. तेच आप्पा आता रोज सकाळी पंचांग घेऊन बसू लागले. पितृपक्षात कोण पोट फाडून घेतं? मग दिवाळी तोंडावर आली. मग धनुर्मास लागला. शेवटी डॉक्टर चिडले. "आतडं अडकलं ना सारंग, तर पुढचा मुहूर्त तुमच्या मुलाला काढावा लागेल," म्हणाले, आणि येत्या सोमवारनंतरच्या सोमवारची खाट त्यांच्या नावाने ठेवून दिली.

त्याच आठवड्यात 'वरच्या बोटी'वर कप्तान आजारी पडला. त्याच्या पोटात काहीतरी हिरवं गेलं आणि त्याला टेबलावर निजवला. तेवढ्यात दार आपोआप सरकलं आणि काळ्या कपड्यांतला एक उंच माणूस हातात लहानशी पिशवी घेऊन आत आला. तो बोटीवरच्या डॉक्टरच्या अंगाला घासून गेला, तरी डॉक्टरला दिसला नाही. कप्तानाच्या उशाशी उभा राहून त्याने खुंटीवरची कप्तानाची टोपी काढली, स्वतःच्या डोक्याला लावून बघितली. आणि तिथेच त्या दिवसाचा भाग संपला.

"यम," धोंडू गुरव म्हणाला. देवळातली पूजा आटोपून तो दर रविवारी यायचा.

"रेडा कुठं हाय मग?" यमुनाबाई.

आप्पा हळूच म्हणाले, "रिलीवर."

बोटीवर एखाद्याचा करार संपला की कंपनी त्याच्या जागी दुसरा माणूस पाठवते, तो रिलीवर. त्याला कामाचा चार्ज द्यायचा, साईन ऑफची सही करायची आणि सामान घेऊन उतरायचं. "कप्तान असो नायतर भात शिजवणारा भंडारी," आप्पा म्हणाले, "रिलीवर आला की उतरायचं. ह्यात वाद नाय." आणि त्यांचा हात नकळत पोटावर गेला.

सासूबाईंनी संध्याकाळी त्यांना धरलं. "पुढच्या सोमवारी जाणार ना?"

"कप्तान टेबलावरून उठला तर जाईन."

"आणि नाही उठला तर?"

"तर मला कशाला पाठवतेस?"

"तो मेला कुठला कोण! त्याच्या पोटाचा तुमच्या पोटाशी काय संबंध?"

"तो एवढा मोठा कप्तान. निळा ऑफिसर दिमतीला. त्याचं झालं नाय, तर सारंगाचं काय होणार?"

 सासूबाईंनी आप्पांना अंगणात नेलं आणि तुळशीवर हात ठेवायला लावला. आप्पा म्हणाले, "कप्तान उठला तर सोमवारी जाईन. एकटा जाईन, बिनबोभाट. मागून लवाजमा नको."

तो आठवडाभर मी जपाला बसले की एक माळ कप्तानासाठी ओढत होते. त्याचं गोत्र माहीत नव्हतं, म्हणून कश्यप धरलं.

रविवार उजाडला. मी तोंड मिटलं. सगळे टीव्हीसमोर बसले. काळ्या कपड्यांतला तो माणूस कप्तानाच्या तोंडावर वाकला, आणि आप्पा ताडकन उठले.

"चित्र हलतंय."

"कुठं हलतंय?" यमुनाबाई म्हणाल्या. "त्याच्या नाकातला केस दिसतोय."

पण आप्पा बाहेर पळाले होते. अँटेना एका उंच बांबूला लावलेली, आणि बांबू पडवीच्या खांबाला बांधलेला. त्यांनी बांबू फिरवायला घेतला, तसं चित्र खरोखरच गेलं. टीव्हीभर मुंग्या. त्यांना ओरडायला सासूबाई बाहेर गेल्या, दिशा सांगायला यमुनाबाई गेल्या, बांबू धरायला धोंडू गेला.

"मिरजोळ्याकडे फिरवा!"

"मिरजोळ्याकडे काय हाय? कारखाने! पावसकडे फिरवा!"

"चित्र आला काय गो राही?" आप्पांनी हाक मारली.

आलं होतं. स्वच्छ आलं होतं. मी हात मांडीवर ठेवून बसले.

"राही! आला काय?"

"अहो, तिचं आज मौन!" सासूबाई ओरडल्या.

"मग आत बोलणारा कोण हाय?"

"कोण नाय!"

"मग मला कळणार कसा?"

एवढ्यात बांबू वळचणीला लागला आणि खाडकन आवाज झाला.

"कौल पडला!" धोंडू ओरडला.

आमच्याकडच्या बोलण्यात घरावरचं कौल पडलं तरी 'पडला'च म्हणतात. आणि धोंडूचं तर कामच देवाला कौल लावण्याचं. देवाच्या अंगाला फुलाची पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्याच्या तोंडून 'कौल पडला' ऐकल्यावर छपराची आठवण कुणाला होणार?

"कुठला? उजवा की डावा?" सासूबाईंनी विचारलं.

"उजवा!"

"झालं! देवाने हो म्हटलान! कप्तान उठला!"

"देव कसला?" आप्पा म्हणाले. "माझा बांबू लागला."

"बांबू कुणी फिरवला?"

"मी."

"आणि तुम्हाला बुद्धी कुणी दिली?"

आप्पांनी छपराकडे बघितलं. मग म्हणाले, "आणि तो उजवा कसा? आपण घराकडे तोंड करून उभे आहोत, म्हणून उजवा. घराचं तोंड आपल्याकडे आहे. घराच्या बाजूने तो डावा."

सगळे धोंडूकडे बघू लागले. धोंडू न्यायी माणूस. कौलाचा तुकडा हातात घेऊन तो सावकाश म्हणाला, "देवाच्या उजवीकडचा तो उजवा. आता देव घरात बसलाय की अंगणात, ते आधी ठरवा."

ते ठरेना. बांबू फुटलेल्या कौलाच्या खाचेत अडकून बसला होता, त्यामुळे आत चित्र जराही हलत नव्हतं. मी एकटीने सगळं पाहिलं. कप्तान उठला.

भांडण आटोपून मंडळी आत आली तेव्हा टीव्हीवर एक गृहस्थ बटाट्यावरचा रोग समजावत होते.

मग माझी दुपार सुरू झाली. चौघंही माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी नैवेद्याला खीर केली.

"गोड केलान!" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे उठला."

"तेराव्याला पण गोडच करतात," आप्पा म्हणाले.

चुलीत ओलं लाकूड होतं. मी पदराने डोळे पुसले.

"रडली! गेला गो कप्तान," यमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्या माझ्या मागे येऊन ओरडल्या, "राही, पाठीवर पाल!" मी खीर ढवळत राहिले. "बाई आहे की देवळाचा खांब!" म्हणून त्या घरी जेवायला गेल्या.

"गेलाच असणार बिचारा," आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खीर न खाताच तरतरी आली होती. "मग डॉक्टरला निरोप पाठवायला हवा. खाट उगाच कशाला अडवायची?"

पण जेवण झाल्यावर ते पडवीत कलंडले आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी दोन्ही हातांनी पोट आवळून धरलं. उठून बसले, पुन्हा निजले, कुशीवर झाले. कपाळावर घाम होता. मी दाराआडून पाहिलं. 'उठला' हा शब्द माझ्या जिभेवर आला आणि मी तो दातांनी धरला. त्या दिवशी सूर्यनारायणाला मावळायची काही घाई नव्हती.

दिवेलागणीला यमुनाबाई आणि धोंडू आधीच येऊन बसले होते. मी दिवा लावला, हात जोडले, शुभंकरोती मनातल्या मनात म्हणू लागले.

"पुरे गो, देव पळून जात नाय," यमुनाबाई कुजबुजल्या.

"कप्तान उठला," मी म्हणाले.

"काय म्हणाली?" सगळ्यांनी एकदम विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

आप्पांचा चेहरा उतरला. "तुला इंग्रजी येत नाय."

"उठायला इंग्रजी लागत नाही, आप्पा."

"हलला असेल. आचके देताना पण माणूस हलतो."

"उठून चालत गेला. तो काळा माणूस टोपी घालून त्याच्या खुर्चीशी उभा होता, तिथवर गेला. पण..." मला सांगावं की नाही कळेना. पण पाहिलं ते सगळं सांगायला हवं. "तो फार घाबरला होता."

"कोण, कप्तान?"

"हात थरथरत होते. एक हात दुसऱ्याखाली लपवत होता. दोनदा बोलायला गेला, तोंडातून शब्द फुटला नाही. मला वाटलं, त्याचंही मौन आहे."

 आप्पा खुर्चीतून पुढे सरकले. "मग केलान काय?"

"त्या माणसाला खुर्चीत बसवला आणि चार्ज द्यायला लागला. हे बटण, ते बटण, हा दांडा. भिंतीतली कपाटं उघडून दाखवली. निळ्या तोंडाच्याची ओळख करून दिली. इंजिनात नेला, तिथून वर आणला आणि परत पहिल्या बटणापासून सुरुवात केली."

"आणि रिलीवर?"

"आधी मान डोलवत होता. मग घड्याळ बघायला लागला. मग टोपी काढून ठेवली, पिशवी उचलली आणि निघून गेला."

"कंटाळला मेला!" सासूबाई टाळी देत म्हणाल्या. "कप्तान अगदी ह्यांच्यासारखा दिसतोय. विमा विकायला आलेला माणूस आमच्याकडून असाच पळाला होता."

यमुनाबाई आणि धोंडू पोट धरून हसले. आप्पा हसले नाहीत.

"हात शेवटपर्यंत थरथरत होते?" त्यांनी मला विचारलं.

"शेवटपर्यंत. खुर्चीत परत बसला तेव्हाही."

"आणि तसाच बसला?"

"तसाच बसला."

आप्पांनी दिव्याची वात जरा पुढे सारली. मग म्हणाले, "भात मऊ कर गो थोडा." जेवताना त्यांनी सासूबाईंना विहिरीच्या पंपाचा चार्ज द्यायला घेतला. "तो पंप तुम्ही समुद्रावर असताना कोण चालवत होता?" असं सासूबाईंनी विचारल्यावर ते पान उचलून गेले.

सोमवारी मी लवकर उठून तुळशीला पाणी घालत होते. सासूबाई अजून निजल्या होत्या. आप्पा पांढरा सदरा घालून बाहेर आले. काखेत टॉवेलची गुंडाळी. मला बघून थांबले.

"चहा?" मी हळूच विचारलं.

"उपाशी पोटी यायला सांगितलान डॉक्टरने."

"सोबत येऊ?"

त्यांनी तुळशीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. अंगणातून फाटकापर्यंत गेले. ते फाटक कुरकुरतं, म्हणून दोन्ही हातांनी जरा उचलून उघडलं, तसंच उचलून लावलं, आणि पोटावर एक तळवा ठेवून हॉस्पिटलच्या रस्त्याने चालू लागले.