एकशे ब्याण्णव मिळवा, झालं

सोमवारी सकाळी सातच्या शिफ्टला पेंट शॉपची एकशे चाळीस माणसं चिंचवडच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी होती. जुने पास शनिवारी जमा करून घेतले होते. नवी कार्डं कॉम्प्युटरने छापलेली, आणि वॉचमनला हुकूम होता की कार्डावरचं नाव मस्टरशी जुळलं नाही तर आत सोडायचं नाही. एकाचंही जुळत नव्हतं.

प्रोग्रॅमर मृदुला अभ्यंकर नऊ वाजता कंपनीत पोचली तेव्हा कॉम्प्युटर विभागाच्या दारात टाइमकीपरने चौकशीसाठी आत आणलेला भैरू उभा होता. निघोज्याहून रोज सायकलने येणारा, पेंट शॉपमध्ये पंधरा वर्षं काम करणारा माणूस. त्याने कार्ड तिच्या समोर धरलं.

"बाई, टाइमकीपरनं वाचून दावलं. ह्ये माझं नाव हाय का?"

कार्डावर इंग्रजीत छापलं होतं, BHAIKN. आडनाव तर वाचण्यापलीकडचं होतं.

"पंधरा वर्सं ह्याच फाटकातनं आत जातोय," भैरू म्हणाला. "आज त्यो वॉचमन इचारतो, तू कोन? समद्या लोकांम्होरं. आमी चोर हाय का?"

मृदुलाने कार्ड हातात घेतलं. ते KN पाहताक्षणी काय झालंय ते तिला कळलं, आणि तिच्या कानशिलाला चटका बसल्यासारखं झालं.

जुन्या यंत्राला अक्षरं कळत नव्हती. म्हणून नीलिमा पाटणकर या पंच ऑपरेटर मुलीने सगळी नावं कार्डांना भोकं पाडून आकड्यांत भरलेली होती : A म्हणजे एक, B म्हणजे दोन. नव्या यंत्रावर त्या आकड्यांची पुन्हा अक्षरं करायची होती. मृदुलाने त्याचा प्रोग्रॅम लिस्प या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला. एक लहानसं फंक्शन, त्याला आकडा द्यायचा, ते अक्षर देणार. आणि तेच फंक्शन नावातल्या प्रत्येक आकड्यावर चालवायचं. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर, याचा सव्वीस ओळींचा तक्ता तिने हाताने लिहिला होता.

विभागप्रमुख चांदोरकरसाहेबांना तो तक्ता आवडला नव्हता. "एवढं पाल्हाळ कशाला? या यंत्रात A चा नंबर एकशे त्र्याण्णव. आकड्यात एकशे ब्याण्णव मिळवा, झालं."

"सर, या यंत्रात I च्या नंबरानंतर लगेच J चा नंबर येत नाही. मधे सात नंबर मोकळे आहेत. R नंतर पुन्हा आठ."

"बघू," ते म्हणाले होते. आणि शनिवारी दुपारी ती घरी गेल्यावर त्यांनी तक्ता काढून टाकला, A पासून F पर्यंत तपासून पाहिलं, आणि कार्डं छापली.

मृदुला त्यांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा ते एक कागद लिहीत होते.

"बरं झालं आलात. इथे सही करा."

कागदावर होतं की पंच ऑपरेटरने आकडे चुकीचे भरले, सबब कुमारी पाटणकर यांना कामावरून तात्पुरतं दूर करावं.

"नीलिमाने एकही आकडा चुकवलेला नाही."

"अभ्यंकर, विभागाची अब्रू आहे."

"विभागाची की तुमची?"

केबिनच्या काचेपलीकडे पंचिंगच्या खोलीत यंत्रांचा खडखडाट थांबला होता. नीलिमाला कुणीतरी आधीच सांगितलेलं दिसत होतं. ती यंत्रापुढे नुसती बसली होती, हात मांडीवर. ते पाहून मृदुलाने साहेबांच्या टेबलावरचा कागद उचलला, नीलिमाची पंच केलेली कार्डं घेतली आणि सरळ वर्क्स मॅनेजरांच्या ऑफिसात गेली. चांदोरकर मागोमाग आले.

तिथल्या फळ्यावर तिने भैरूचे आकडे लिहिले : दोन, आठ, एक, नऊ, अठरा, एकवीस. मग नीलिमाची ती पंच केलेली मूळ कार्डं वर्क्स मॅनेजरांपुढे ठेवली. "हेच आकडे आहेत, जुळवून बघा. आता अठरात एकशे ब्याण्णव मिळवा. दोनशे दहा. या यंत्रात दोनशे दहा म्हणजे K. हवं होतं R. एकवीसचं होतं दोनशे तेरा, म्हणजे N. हवं होतं U." खडू तिच्या हातात मोडला. "ही बेरीज नीलिमाने केलेली नाही."

वर्क्स मॅनेजरांनी कार्डावरचे आकडे फळ्याशी जुळवून पाहिले. मग म्हणाले, "तुमचा तक्ता परत घाला. दुपारपर्यंत कार्डं द्या."

"देते. आधी फाटकावर नोटीस लावा की चूक कामगारांची नव्हती. आणि आजची हजेरी धरा. तोवर मी छापणार नाही."

"तुम्ही मला अटी घालताय?" त्यांचा आवाज चढला.

"हो," मृदुला म्हणाली. ती जागची हलली नाही.

बारा वाजता नोटीस लागली, दोन ओळींची. 'तांत्रिक अडचणीमुळे' एवढंच त्यात होतं. अडचणीला कुणाचं नाव नव्हतं. हजेरी धरली गेली. नीलिमाविरुद्धचा कागद फाडला गेला, पण तिच्याकडे येऊन कुणी काही बोललं नाही. भैरूने नवं कार्ड घेतलं, टाइमकीपरकडून एकेक अक्षर वाचून घेतलं, आणि मृदुलाकडे न बघता पेंट शॉपकडे चालता झाला. त्याचा राग तिच्यावरही होता, आणि तिला तो चूक वाटला नाही.

दिवाळीनंतर चांदोरकरांना बढती मिळून ते हेड ऑफिसला गेले. नीलिमाने नोकरी सोडली आणि पिंपरीत टायपिंगच्या क्लासात शिकवू लागली. मृदुला राहिली. त्या सोमवारपासून तिच्या प्रोग्रॅमला कुणी हात लावायचा तर आधी वहीत सही करावी लागे, साहेब असला तरी. काही जण तिला तिरसट म्हणत. ती ऐकून घेई आणि वही पुढे सरकवी.